टेबलावर दुपारचे साडेतीन

११ जानेवारी, शनिवार

हरत होत्या म्हणे!

माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, माझा चहा पीत हा कर्नल मला सांगतो — "वाईट झालं हो. पण खरं सांगू का, इन्स्पेक्टरसाहेब, सिस्टर हरत होत्या."

हिला जाऊन दहा दिवसही झाले नाहीत.

माणसं भेटायला येतात. काय बोलावं सुचत नाही म्हणून पंख्याकडे बघत बसतात. ते मी समजू शकतो. मलाही सुचत नाही. पण दारात चप्पल काढता काढता ह्याचा पहिला प्रश्न काय, तर "टेबल तसंच आहे ना?" मी कसा आहे, जेवतो की नाही, काही नाही. टेबल!

त्यात आक्का — हिची मोठी बहीण — चहाचा ट्रे घेऊन आली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. टेबलावर ट्रे ठेवू नये हे तिला बिचारीला काय माहीत? कर्नल असा ओरडला की अर्धा चहा बशीत. "अहो, उजवी बगल! उजव्या बगलेवर ठेवलात!" आक्काने दचकून आधी आपलीच बगल पाहिली. मग मला हळूच विचारलं, "भाऊजी, हे खेळणं कोणाच्या मुलाचं?" मी म्हटलं, हिचं.

मी कप आत ठेवून परत आलो तर हा टेबलावर ओणवा. हातात हिचा चिमटा. डबी उघडून, कोणाला न विचारता काढलेला! सोंगट्या सरळ करतोय म्हणाला. मी दारातच उभा राहिलो.

बोललो काहीच नाही. मला वेळेवर बोलता येत नाही. तळपायाची आग मस्तकात जाते आणि तोंडातून फक्त "बरं" बाहेर पडतं. कचेरीतली एक कोरी वही घरात होती. त्यात लिहून तरी टाकतो.

१२ जानेवारी, रविवार

सहा माणसांचं जेवणाचं टेबल. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घेतलं. गेली तीन वर्षं आम्ही दोघं स्वयंपाकघरात घडीच्या टेबलावर जेवत होतो, गुडघ्याला गुडघा लावून. कारण ह्या टेबलावर लढाई चालू आहे.

खाली नकाशा. नदी, नदीवर एक पूल, एक टेकडी, दोन गावं, रस्ते. सगळ्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं छापलेली. त्यावर नखाएवढ्या पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, हजाराच्या वर. लाल हिच्या, निळ्या त्याच्या. पायदळ, घोडदळ, तोफा, दारूगोळ्याच्या गाड्या, सगळं. दोनशे वर्षांपूर्वीची कुठल्याशा देशातली खरी लढाई. तिचं नाव मला धड उच्चारता येत नाही. मी उच्चारलं की ही हसायची आणि पुन्हा म्हणायला लावायची.

एक डाव म्हणजे त्या दिवसातला पाव तास. दोघांनी पहाटेपासून सुरुवात केली. दर शनिवारी चारला बसायचे, सातला उठायचे. आजारपणात खंड पडला, सण-समारंभ आले, आणि मुळात एकेका सोंगटीवर अर्धा अर्धा तास विचार! तीन वर्षांत टेबलावर दुपारचे साडेतीन वाजले आहेत.

मी एकदा म्हटलं होतं, "अगं, ही लढाई खरोखरची झाली ती एका दिवसात. तुम्हाला इतका वेळ?"

ही म्हणाली, "त्यांना घाई होती. आम्हाला कुठे आहे?"

त्या खोलीतला पंखा तीन वर्षांत लावलेला नाही. सैन्य उडतं म्हणून. खिडकीही बंद. पण पडदा सताड उघडा, कारण सोंगट्यांवरचे बारीक आकडे उजेडाशिवाय दिसत नाहीत. उन्हाळ्यात दोघं घाम पुसत बसायचे. शिंक आली तर उठून बाहेर जायचं, हाही नियम. मी दोन खोल्या पलीकडे पेपर वाचायचो. मधूनच फाशांचा आवाज, मग ह्याची आरोळी, मग हिचं हसू.

कर्नल कधीच सैन्यात नव्हता. आयुष्यभर विम्याच्या कचेरीत बसला. त्याची बायको हिच्या वॉर्डात होती, बरेच महिने, आणि तिथेच गेली. ही त्या वॉर्डाची मोठी सिस्टर. बायको गेल्यावर काही दिवसांनी हा भला मोठा खोका घेऊन वॉर्डात उगवला. "सिस्टर, कोणाला तरी देऊन टाका. मला आता नको." हिने तो कोणालाच दिला नाही. रिक्षात घालून घरी आणला. खोक्यामागून खोक्याचा मालक आला.

हिला खेळाचं वेड अजिबात नव्हतं. पत्त्यांतसुद्धा बदाम सातच्या पुढे कधी गेली नाही. पण ह्या खेळाच्या नियमांचं नव्वद पानी पुस्तक ड्यूटीवर वाचून वाचून तोंडपाठ केलं. त्याने ते पुस्तक कधी उघडलंही नाही. खोका त्याचा, खेळ त्याचा, आणि काही अडलं की — "नियम सिस्टरना विचारा!"

आणि म्हणे, हरत होत्या.

१५ जानेवारी, बुधवार

चिमटा उकळत्या पाण्यातून काढला, पुसला, डबीत ठेवला. ही तसंच करायची.

१८ जानेवारी, शनिवार

चारला बेल वाजली. सवयीने मी म्हणालो, "अगं, आला तुझा कर्नल." मग दार उघडलं.

इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा पुडा. जसा काही हाही एक नेहमीचा शनिवार!

"इन्स्पेक्टरसाहेब, मी विचार केला. हे असं अर्धवट ठेवणं बरं नाही. दोन बैठकांचं काम आहे. तुम्ही नुसते समोर बसा, मी दोन्ही बाजू हलवतो. लाल हरले असं ठरलं की खोका बंद करू. सिस्टरच्या आत्म्यालाही—"

"लाल हरले असं कोणी ठरवलं?"

"अहो, सेनापतीच गेला. सेनापती गेला की सैन्य हरलं, असा नियम असेलच की."

"कितवा?"

तो गडबडला. "सिस्टर असत्या तर त्यांनी सांगितलं असतं."

माझी हयात वजनमाप खात्यात गेली. पारड्याखाली चुंबक चिकटवणारे पाहिले, तळाला जाड पत्रा ठोकलेली मापं पाहिली, आतून पोखरलेली वजनं पाहिली. पण समोरचं गिऱ्हाईक मेलं म्हणून आपलं पारडं आपोआप जड झालं, असं म्हणणारा दुकानदार काही पाहिला नव्हता!

मी म्हणालो, "लाल बाजू मी खेळणार."

माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही? तुम्हाला येतं?"

"पुढच्या शनिवारी चारला या."

बिस्किटं ठेवून गेला. खाल्ली नाहीत.

२० जानेवारी, सोमवार

मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही आईच्या त्या खेळाचे नियम पाठ करताय? खरंच?" पाठ नाही, वाचतोय म्हटलं. "मी किती दिवस म्हणतेय, इकडे या थोडे दिवस. आणि ती खोली एकदा मोकळी करू. आईच्या साड्या ठेवा, घड्याळ ठेवा, मी काही म्हणत नाही. पण टेबल जेवायला असतं, बाबा. युद्धाला नसतं."

म्हटलं, बरं.

बरं काय बरं! माझं मलाच कळत नाही मी बरं का म्हणतो.

२२ जानेवारी, बुधवार

नव्वद पानं. मुंगीएवढी अक्षरं. नियमाला पोटनियम, पोटनियमाला अपवाद, अपवादाला तळटीप. खात्याचे कायदे ह्यापुढे बालवाडी. तोफ चिखलात एक घर जाते, रस्त्यावर तीन, पण पुढे घोडा असेल तर दोन, तो घोडा दमला असेल तर मुळीच नाही. घोडा दमला हे कसं कळायचं? त्यासाठी वेगळा तक्ता आहे!

आणि हे सगळं हिला तोंडपाठ. वॉर्डातून आठ तास पायांवर उभी राहून येणारी बाई. मी तिला कधी पुस्तक चाळतानासुद्धा पाहिलं नाही. तो विचारायचा आणि ही भाजी निवडता निवडता सांगायची, "नाही हो कर्नल, गावातून गेलात तर तुमचा अर्धा डाव जातो."

२५ जानेवारी, शनिवार

बसलो. हिच्या खुर्चीवर नाही, शेजारी स्टूल घेऊन.

चिमट्याने सोंगटी उचलायची म्हणजे शेजारच्या चार पडतात. माझा हात थरथरतो, हिचा कधी थरथरला नाही. एका पाव तासाच्या डावाला आम्हाला अडीच तास लागले. त्याने पुलावर हल्ला चढवला. दोनदा फासे टाकले, दोन्ही वेळा बारा! माझ्या तीन तुकड्या साबणाच्या डबीत गेल्या. मेलेले लाल साबणाच्या डबीत ठेवायचे, ही हिची पद्धत. डबी जवळजवळ भरली आहे. त्याच्या मेलेल्यांना काडेपेटी पुरते.

"हरताय, इन्स्पेक्टरसाहेब!" मांडीवर थाप मारून म्हणाला. "सिस्टरसुद्धा अशाच पुलावर अडकून बसायच्या. मी म्हणायचो, सोडा पूल. ऐकतील तर शपथ!"

हिच्याबद्दल बोलताना ह्याचा आवाज इतका खुशीत कसा असतो?

जाताना आपला कप आपणच विसळून पालथा घातला. तेवढं मात्र नेहमी करतो. तेवढंच.

२६ जानेवारी, रविवार

दोनदा बारा. लागोपाठ. छत्तीसात एकदा पडावे, हा दोनदा पाडतो.

फासे त्याचेच आहेत. आज पेलाभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवलं आणि दोन्ही फासे सोडले. फाशाची एक बाजू जड असेल तर पाण्यात तीच बाजू खाली जाते आणि दर वेळी एकच आकडा वर तरंगतो. पुन्हा पुन्हा बुडवले. दर वेळी वेगळा आकडा वर.

फासे खरे निघाले. फार वाईट वाटलं.

३० जानेवारी, गुरुवार

सापडलं!!

नियम चौदा. निळ्यांचा सगळा दारूगोळा एकाच रस्त्याने येतो. लाल सैन्याने तो रस्ता अडवला तर निळ्यांच्या तोफा गप्प होतात आणि निळ्यांनी माघार घ्यायची. लढाई तिथल्या तिथे संपते. लाल जिंकले.

आता नियम एकतीसची तळटीप. टेकडीच्या पायथ्याशी नदीत ठिपक्यांची एक पुसट रेघ आहे, तो उतार. तिथून पायदळाला आणि तोफांना नदी ओलांडता येत नाही. घोड्यांना येते.

टेकडीमागे लाल घोडदळ उभं आहे. सहा सोंगट्या, एकावर एक, ताज्यातवान्या, एकही दमलेली नाही. उताराच्या पलीकडे रस्ता. रस्त्यावर पहारा? कोणी नाही! कर्नलने झाडून सगळे निळे पुलाशी नेऊन उभे केलेत.

एका डावात होतं. एका! पट्टी लावून घरं मोजली, मग उलटीकडून मोजली. होतं.

म्हणजे ही हरत नव्हती. हिच्या हातात डाव होता.

मग हिने ही खेळी का केली नाही? तळटिपांसकट पुस्तक पाठ असलेली बाई. मी, नवशिका, आठवड्यात शोधून काढतो आणि हिला दिसलं नसेल? शक्यच नाही. हिने ती केलीच असणार. घोडदळ नदीपार नेलंच असणार. मग ते परत टेकडीमागे कसं आलं?

चिमटा त्या दिवशी कोणाच्या हातात होता?

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. म्हणून आल्या आल्या "टेबल तसंच आहे ना". म्हणून "हरत होत्या, हरत होत्या". मेलेल्या बाईची सोंगटी मागे सरकवून जिंकायला निघालाय!

१ फेब्रुवारी, शनिवार

तो बसायच्या आत विचारलं. ह्या वेळी शब्द वेळेवर आले.

"त्या दिवशी तुम्ही चिमट्याने काय काय हलवलंत?"

"कोणत्या दिवशी?"

"सगळे भेटायला आले होते त्या दिवशी."

"ट्रे ठेवला होता तिथली चार माणसं सरळ केली. का हो?"

"आणि घोडदळ?"

"घोडदळाचं काय?" त्याने टेबलाकडे पाहिलं. "ते टेकडीमागेच असतं. कायम टेकडीमागे. मी सिस्टरना चिडवायचो, तुमचे घोडे चरायला आणलेत का लढायला?"

"खोटं बोलताय."

त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "इन्स्पेक्टरसाहेब," तो म्हणाला, "मी आयुष्यात खूप हरलोय. पण फसवून जिंकलो नाही. आणि त्यांना? सिस्टरना फसवीन मी?"

त्याच्यासाठी ठेवलेला चहा अजून प्यायचा होता. तो त्याने मोरीत ओतला, कप विसळला, पालथा घातला. दारात म्हणाला, "खोका राहू दे तुमच्याकडे. माझ्याकडे मांडायला जागा नाही."

बरं झालं गेला. चांगलं झालं!

२ फेब्रुवारी, रविवार

आरोप सिद्ध झाल्यावर माणसाला बरं वाटतं. खात्यात वाटायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

चार वाजले. बेल नाही.

बरंच झालं. बिस्किटं तेवढी सादळली. टाकून दिली.

साडेपाचला एकदा दार उघडून पाहिलं. पेपरवाल्याचं बिल आलंय का बघायला. पेपरवाला महिन्याच्या सुरुवातीलाच येऊन गेला होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी येत्या रविवारी येते आहे. गाडी ठरवली. टेबल पॉलिशला जाणार, खेळ खोक्यात. "बाबा, हो म्हणा. त्या बंद खोलीत तुम्ही दिवसभर एकटे बसता, शेजारच्या काकू सांगत होत्या मला." शेजारच्या काकूंना बरी उठाठेव!

"तो कर्नलही येत नाही म्हणे आता."

नाही येत, म्हटलं.

"मग तर प्रश्नच मिटला."

बरं म्हणालो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं होतं की खोक्यात जायचंच असेल तर जिंकून जाऊ दे. समोर कोणी नसलं तरी चालेल. हिची खेळी मी करीन, रस्ता अडवीन, आणि मग खुशाल पॉलिश करा.

दुपारी बसलो. खिडकीतून ऊन थेट टेकडीवर पडलं होतं. घोडदळाच्या सहाही सोंगट्या एकदम चिमट्यात धरल्या आणि उचलल्या. आज हात थरथरला नाही.

खाली हिरवागार चौकोन.

मी आधी समजलो काहीतरी चिकटलंय. नखाने खरवडून पाहिलं. काही नव्हतं. नकाशाचाच रंग. तीन वर्षांच्या उन्हाने सगळा नकाशा पिवळट पडलाय, शेतं, टेकडी, सगळं वाळल्या गवतासारखं. रोज बघून बघून रंग उडालेला मला कळलाच नव्हता. फक्त ह्या सहांच्या खाली मूळचा हिरवा रंग राहिलाय. कडा अशा धारदार, जशा पट्टीने आखलेल्या. दुसऱ्या सोंगट्या उचलून पाहिल्या. त्यांच्या खाली पिवळंच, कारण त्या सारख्या हलत होत्या.

पुरावा मी ओळखतो. वर्षानुवर्षं एका जागी ठेवलेल्या वजनाखाली लाकूड असंच राहतं.

घोडदळ तिथून हललेलंच नाही. निदान दोन उन्हाळे. कर्नलने त्याला हात लावला नव्हता. खरं बोलत होता. खोटा मी ठरलो.

आणि मग मला हिचाच राग आला! आजपर्यंत असा कधी आला नव्हता. रस्ता मोकळा, उतार मोकळा, घोडे ताजे, नियम पाठ. आणि दर शनिवारी तू त्या माणसाकडून "हरताय, सिस्टर" ऐकून घेत होतीस? साबणाची डबी भरत होतीस? पुलावर एकेक तुकडी मरायला पाठवत होतीस? मुद्दाम? शेवटच्या त्या शनिवारी पाठीला उशी लावून बसलीस, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, तेव्हाही ती एक सोंगटी सरकवता आली नाही? निदान जिंकून तरी जायचंस! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी दोन खोल्या पलीकडे होतो.

सोंगट्या परत ठेवल्या. बरोबर हिरव्यावर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. जिना अरुंद, मधल्या पायरीवर थांबलो. चूक कबूल करायची आणि मग नियम एकतीस दाखवायचा, असं ठरवून गेलो होतो. पुस्तक खिशात होतं, पान दुमडलेलं. हरत कोण होतं ते कळू दे एकदा.

दार उघडलं. शुक्रवार असून इस्त्रीचा शर्ट.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "घोडदळ टेकडीमागेच होतं."

"मग! मी काय सांगत होतो?" एवढंच. जास्त ताणलं नाही. "बसा. चहा टाकतो. साखर?"

बसायला एक खुर्ची आणि एक खाट. टेबल नाही. भिंतीशी जुन्या वर्तमानपत्रावर काडेपेटीतल्या काड्यांनी पूल मांडलेला आणि त्याभोवती डाळीचे दाणे. माझी नजर गेली तसा तो ओशाळला.

"हे आपलं... आठवडाभर बघत असतो, शनिवारी कुठून चढाई करायची. सवय. गेल्या शनिवारी आलो नाही तरी मांडलेलं मोडवेना."

चहा घेताना मी विचारलं, "तुम्हाला खात्री आहे, ही हरत होती?"

"शंभर टक्के! पण मानत नव्हत्या हो. मी म्हणायचो, सिस्टर, द्या आता सोडून. तर म्हणायच्या, संध्याकाळ व्हायची आहे अजून." तो हसला. मग कपाकडे बघत म्हणाला, "एक सांगू? तुम्ही घरचे म्हणून. माझी बायको गेली ना, तेव्हा मी सगळं आवरायला घेतलं होतं. खोका देऊन टाकायला गेलो तो त्यासाठीच. सिस्टर म्हणाल्या, एक लढाई माझ्याशी खेळा आणि मग द्या. मी म्हटलं ठीक आहे, एवढी एक संपवतो आणि मग मीही सुटतो. बोलून गेलो आपला."

"मग?"

"मग काय. बघत राहिल्या माझ्याकडे. म्हणाल्या, घरात बायकोच्या उरलेल्या गोळ्या असतील त्या सगळ्या उद्या मला आणून द्या, वॉर्डात लागतात. आणि शनिवारी चारला घरी या."

वॉर्डात अशा गोळ्या परत घेत नाहीत. मला माहीत आहे. त्याला अजून माहीत नसावं.

"दिल्यात?"

"दिल्या की. सिस्टरना नाही कोण म्हणणार?" तो उठला, दोन्ही कप घेतले आणि विसळायला लागला. पाठ माझ्याकडे. "आता काय, तुमच्या मुलीने गाडी ठरवली असं खालचा दुकानदार सांगत होता. पॉलिशवाला त्याचा मेहुणा. म्हणजे संपलीच म्हणायची लढाई."

कप घासून झाला तरी तो नळ बंद करेना.

खिशातून पुस्तक काढलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मुलीला फोन केला. गाडी नको. "मग तुम्ही जेवणार कुठे, बाबा?" स्वयंपाकघरात. नेहमीसारखा. ती आणखी काही म्हणाली. बरं म्हणालो नाही.

चारला बेल वाजली. कर्नल आले.

आज हिच्या खुर्चीवर बसलो. पुलावरची एक तुकडी एक घर मागे घेतली. कर्नलांनी फासे टाकले आणि मांडीवर थाप मारली. "हरताय, इन्स्पेक्टरसाहेब!"

तुकडी चिमट्याने उचलून साबणाच्या डबीत ठेवली. घोडदळ टेकडीमागे.

म्हटलं, "संध्याकाळ व्हायची आहे अजून."